मदत हवी आहे : गाभण डुकरिणीला ई-सेलेनियम द्यावं का?

मंडळी, मोहोळजवळ लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरं पाळतो. दोन माद्या गाभण आहेत, 114 दिवसांच्या गाभणकाळाच्या हिशोबाने शेवटचा महिना चालू. मागच्या वेताला पिल्लं अशक्त निघाली, काही मेलेलीच; पुन्हा तसं बघवणार नाही. खुराक मका, सोयापेंड, गव्हाचा कोंडा. मिनरल मिक्श्चरही देतो, त्यात सेलेनियम आहेच. उन्हाळ्यामुळे हिरवा चारा मात्र नाही. जंतनाशक झालंय, ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूची) तपासणी निगेटिव्ह. एकाने व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं इंजेक्शन सुचवलंय. पण सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते, म्हणून हात थांबलाय. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतील, त्याआधी अनुभवी लोकांचं ऐकायचंय. मिक्श्चर चालू असताना हे इंजेक्शन कुणी दिलंय का, आणि विण्याआधी किती दिवस?