वीज शेजारच्या माडावर, कॅमेरे गेले आमचे

गडग्यावरचा
नमस्कार मंडळी. घर संगमेश्वरच्या बाजूला, मी पुण्यात. घरी आई-अण्णा दोघंच. चार कॅमेरे आहेत: दोन पडवीत, एक विहिरीवर, एक बेड्यावर (आवाराच्या फाटकावर). बेडं घरापासून साधारण ७० मीटर. कॅट-६ केबल (तांब्याची नेटवर्क केबल) गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने नेली आहे.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजारच्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा जळाला नि आमचा बेड्यावरचा कॅमेरा मेला. एनव्हीआरही (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) गेला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, लाइनचा झटका. म्हणून स्टॅबिलायझर बसवला. या मेमध्ये पुन्हा तेच! या वेळी विहिरीवरचा कॅमेरा, पीओई स्विचचे (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) दोन पोर्ट नि टीव्हीचा एचडीएमआयसुद्धा. दोन्ही वेळचे मिळून पंधराएक हजार गेले. काय करू?

हापूसप्रेमी
घरावर तांब्याचा वीजरोधक लावा. आमच्या शाळेवर आहे, कधी काही झालं नाही.

पाना_पक्कड
वीजरोधक घर वाचवतो, कॅमेरे नाही. कोल्हापुरात पंधरा वर्षं हीच कामं करतोय म्हणून सांगतो. आधी एक बघा: स्विचचा ॲडाप्टर जिवंत आहे का? एमसीबी पडला होता का?

गडग्यावरचा
एमसीबी पडला नाही. ॲडाप्टर चालू आहे, सहा पोर्ट अजून लुकलुकतात. स्विच उघडला तर ३ आणि ५ नंबरच्या पोर्टामागे काळा ठिपका, नि जळका वास.

पाना_पक्कड
मग झटका लाइनवरून आलाच नाही. ३ आणि ५ म्हणजे विहीर आणि बेडं, बरोबर? तुमची ७० मीटरची केबल म्हणजे आडवी टाकलेली अँटेना. वीज जवळ कुठेही पडली तरी क्षणभर त्या तांब्यात हजारो व्होल्ट उठतात. पीओईचं सगळं काम ४८ व्होल्टच्या आसपासचं. पोर्ट जळतो, तिथून एनव्हीआर, एचडीएमआयमधून टीव्ही. स्टॅबिलायझर बिचारा दुसऱ्याच दारावर पहारा देत बसलाय.

बाहेरच्या दोन्ही कॅमेऱ्यांचं तांबं तोडा, फायबर (काचेची केबल, तिच्यातून वीज वाहत नाही) टाका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर नि तांब्याची केबल जोडणारी डबी. दुकानदार ब्रॉडबँडवाली ड्रॉप केबल देईल, तिच्यात स्टीलची तार असते. ती नको. अजिबात धातू नसलेली मागा, नाहीतर केलं ते पाण्यात. पडवीतल्या दोघांना तांब्याचीच केबल राहू दे.

डीबीत (एमसीबींच्या पेटीत) टाइप २ एसपीडी, म्हणजे जादा व्होल्टेजचा झटका अर्थमध्ये सोडणारं उपकरण, बसवा, त्याची अर्थची वायर जितकी आखूड तितकी चांगली. गुंडाळी करून ठेवलेली वायर बघितली की माझं डोकं उठतं. आणि अर्थिंग तपासा. जांभ्यात ते मुळातच कच्चं, मे महिन्यात तर कोरडं ठणठणीत. साधा खड्डा पुरत नसेल तर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून घ्या. घराला एक नि एनव्हीआरला दुसरा, असे सुटे अर्थ ठेवू नका, आपसात जोडून घ्या. नाहीतर वीज पडली की दोघांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो तुमच्या मशीनमधूनच वाट काढतो.

गडग्यावरचा
पण बेड्यावर कॅमेऱ्याला वीज कुठून देऊ? घरातूनच वायर नेली तर पुन्हा तांबंच की!

पाना_पक्कड
नेमकं पकडलंत. तिथे छोटं सोलर पॅनल नि बॅटरी लावा, विहिरीवरही तसंच. तरी त्याच माडावर पुन्हा पडली तर बेड्यावरचा कॅमेरा जाऊ शकतो, खोटं कशाला बोलू. पण जाईल तो एकटाच, टीव्हीला सोबत नेणार नाही.

दापोलीची_लेक
आमच्याकडे अजून तांबंच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप बाबांच्या फोनवर टाकलंय, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दिसतात. ४० मध्ये दिसली की बाबा प्लग काढतात आणि बाहेरून येणाऱ्या केबलीसुद्धा. नुसता प्लग काढून उपयोग नाही, हे एक एनव्हीआर घालवून शिकलो. एकदा कडाडायला लागलं की मात्र हात लावायचा नाही. जळला तर जळू दे.

गडग्यावरचा
आईला केबली काढायला सांगितल्या तर ती परत उलट्यासुलट्या लावेल. फायबरच घालतो. अण्णांचं मत वेगळं आहे: बेड्यावरचा कॅमेरा काढ, कुत्रा पुरे. या रविवारी गावी जातोय, अर्थिंगचा खड्डा उघडून बघतो. तो नक्की कुठे आहे, हेही अण्णांनाच विचारावं लागेल.