नाटकाच्या संकलनात फ्रेमच्या कडा तपासण्यासाठी बाह्य मॉनिटर: लॅपटॉप खरा की टीव्ही?

विंगेतला (फोंडा)

नमस्कार. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या काही हौशी मंडळांच्या प्रयोगांचे चित्रीकरण आणि संकलन मी करतो. कॅमेरा प्रेक्षागृहात मागे तिवईवर ठेवून संपूर्ण रंगमंच ३८४० बाय २१६० मध्ये टिपायचा आणि पुढे १९२० बाय १०८० च्या टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये दृश्यांचे तुकडे क्रमाने मांडण्याची पट्टी) प्रसंगानुसार त्यातूनच जवळची दृश्ये काढायची, अशी माझी पद्धत आहे. लॅपटॉप १५ इंची असल्यामुळे टाइमलाइन आणि ध्वनीच्या पट्ट्या मांडल्यावर प्रत्यक्ष चित्राला तळहाताएवढीच जागा उरते.

गेल्या शिमग्याच्या सुमारास दिलेल्या एका चित्रफितीत दोन परस्परविरोधी दोष निघाले. देवळाच्या सभामंडपात ती प्रोजेक्टरवर दाखवली, तेव्हा डाव्या विंगेत संहिता घेऊन उभा असलेला प्रॉम्प्टर जवळजवळ अर्धा अंक दिसत राहिला. तीच चित्रफीत दिग्दर्शकांच्या घरी टीव्हीवर लावली, तेव्हा प्रॉम्प्टर दिसला नाही. मात्र श्रेयनामावलीत डावीकडून सुरू होणाऱ्या नावांची पहिली अक्षरे कापली गेली. आता घरातला ३२ इंची टीव्ही एचडीएमआयने लॅपटॉपला जोडला आहे, तर त्यावरची फ्रेम आणि सॉफ्टवेअरमधली फ्रेम यांतही फरक दिसतो. यांपैकी खरी कोणती मानावी?

एडिट टेबल (पणजी)

सॉफ्टवेअरमधली फ्रेम खरी आहे. ती आपल्याला लहान दिसते, एवढाच तिचा दोष. आपला टीव्ही चित्र किंचित फुगवून त्याच्या चारही कडा पडद्याबाहेर ढकलत असणार. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत विजेचा दाब आणि झिजलेले सुटे भाग यांमुळे चित्राचा आकार कमीजास्त होत असे, म्हणून कडेची काळी पट्टी दिसू नये यासाठी चित्र मुद्दामच चौकटीपेक्षा मोठे ठेवले जाई. सपाट पडद्यांना त्याची गरज नाही, तरीही अनेक टीव्हींनी ती सवय सोडलेली नाही.

टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये, कंपनीप्रमाणे ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. मात्र सेटिंग बदलले म्हणून विसंबून न राहता १९२० बाय १०८० चे एक कोरे चित्र तयार करून त्यावर अगदी कडेला एक, डाव्या-उजव्या कडेपासून ४८ आणि वर-खाली २७ पिक्सेल आत दुसरी, तर ९६ आणि ५४ पिक्सेल आत तिसरी चौकट आखावी आणि ते चित्र टाइमलाइनवर ठेवून टीव्हीवर पाहावे. बाहेरची चौकट चारही बाजूंनी अखंड दिसली, तरच तो पडदा फ्रेम तपासण्यास योग्य समजावा.

तिसऱ्या चौकटीचा उपयोग एवढ्यावरच संपत नाही. प्रत्येक बाजूने ५ टक्के सोडून उरणारा ९० टक्के भाग हा आज हाय डेफिनिशन चित्रात अक्षरांसाठी सुरक्षित मानला जातो, आणि महत्त्वाच्या हालचालींसाठी ९३ टक्के. जुन्या ४:३ च्या काळात हेच आकडे ८० आणि ९० होते. दिग्दर्शकांच्या घरचा टीव्ही दुरुस्त करणे आपल्या हातात नाही, पण नावे तिसऱ्या चौकटीच्या आत ठेवणे नक्कीच आहे. प्रॉम्प्टरच्या बाबतीत उलटा नियम लावावा: टीव्ही त्याला झाकेल, अशी आशा कधीही धरू नये.

कात्री आणि डिंक (डिचोली)

टीव्ही ‘डुप्लिकेट’ पद्धतीने जोडला असेल, तर ‘एक्स्टेंड’ करावा. अन्यथा दोन्ही पडद्यांवर तीच गर्दी दिसेल. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधील ‘प्लेबॅक’ भागात ‘मर्क्युरी ट्रान्समिट’ सुरू करून बाह्य पडद्यापुढे खूण केली, की त्यावर केवळ चित्र येते. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असल्यास अल्ट्रास्टुडिओ किंवा डेकलिंक यांसारख्या उपकरणातून संगणकाच्या डेस्कटॉपला वळसा घालून थेट व्हिडिओ बाहेर काढता येतो, परंतु निव्वळ फ्रेमिंगसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो. रंग जुळवायचे असतील, तर गोष्ट वेगळी.

विंगेतला (फोंडा)

चौकटींचे चित्र लावून पाहिले. पहिल्या वेळी बाहेरची चौकट पूर्ण नाहीशी होती, सेटिंग बदलल्यावर ती चारही बाजूंनी दिसली. शेजाऱ्यांचा १९२० बाय १२०० चा मॉनिटरही जोडून पाहिला; त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण त्या प्रत्येकी ६० पिक्सेलच्या असल्याचा हिशेब लागला आणि शंका मिटली.

आता नवीच अडचण दिसते आहे. नायिका रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मी फ्रेम तिच्याबरोबर सरकवतो, ती मोठ्या पडद्यावर अडखळत सरकते. शिवाय जवळची दृश्ये अपेक्षेपेक्षा धूसर वाटतात.

एडिट टेबल (पणजी)

चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचे आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवणारा असेल, तर काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवल्या जातात व सरळ सरकणारे दृश्य अडखळते. पडदा ५० हर्ट्झवर ठेवून तेच दृश्य पुन्हा पाहावे. तरीही अडखळले, तर दोष संकलनात किंवा संगणकाच्या गतीत शोधावा.

धूसरपणाचे कारण बहुधा प्रीमियरमधील ‘स्केल टू फ्रेम साइझ’ हा पर्याय असावा. त्याने चित्र आधी टाइमलाइनच्या आकाराचे होते आणि जास्तीचे पिक्सेल हातचे जातात. मग आपण त्यात जवळ जाता, तेव्हा ते ताणले जाते. तो पर्याय काढून स्केल, म्हणजे मूळ चित्राच्या तुलनेतला आकार, ५० टक्के ठेवल्यास संपूर्ण रंगमंच फ्रेममध्ये बसेल आणि तेथून १०० टक्क्यांपर्यंत जवळ जाताना तपशील शाबूत राहील. हा दोष लहान खिडकीत कोणालाच दिसला नसता.

विंगेतला (फोंडा)

५० हर्ट्झवर दृश्य सुरळीत सरकले आणि तो पर्याय काढताच चेहरेही स्वच्छ झाले. त्या जुन्या चित्रफितीतला अर्धा अंक पुन्हा मांडायला घेतला आहे. सर्वत्र ५२ टक्के स्केल ठेवून फ्रेम किंचित उजवीकडे सरकवली, की प्रॉम्प्टर बाहेर जातो; मात्र एका प्रवेशात त्याचा संहिता धरलेला हात अजूनही आत येतो आणि तिथे ५६ टक्क्यांपर्यंत जावे लागत आहे.