‘क्राइम फॅमिली’साठी मराठी शब्द कोणता?

धंतोलीहून :

आमच्या वाचकमंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मी ‘द ब्रदर्स सन’ या मालिकेचा परिचय लिहीत आहे आणि एकाच शब्दापाशी दोन दिवस अडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या आठ भागांच्या मालिकेत तैपेईमधील ‘जेड ड्रॅगन्स’ या टोळीच्या प्रमुखावर गोळी झाडली जाते, आणि त्याचा थोरला मुलगा चार्ल्स आईचे व धाकट्या भावाचे रक्षण करण्यासाठी लॉस एंजेलिसला येतो. आईची भूमिका मिशेल यो यांनी केली आहे. धाकटा ब्रूस आईजवळ वाढलेला असून आपल्या घराचा खरा व्यवसाय त्याला ठाऊकच नसतो. इंग्रजीत अशा घराला ‘क्राइम फॅमिली’ म्हणतात. मी प्रथम ‘गुन्हेगारी कुटुंब’ असे लिहिले, ते खटकले. ‘गुन्हेगारी घराणे’ लिहिले, तर गायकीची घराणी डोळ्यांपुढे आली. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

महालातून :

ताई, तुम्हाला खटकले ते योग्यच आहे. ‘कुटुंब’ हा मराठीत अतिशय आतला शब्द आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे थेट पत्नी. अशा शब्दाला ‘गुन्हेगारी’ हे विशेषण लावले की गुन्हा माणसाच्या कृतीला न चिकटता त्याच्या जन्माला चिकटतो. आपल्या देशात हे प्रत्यक्ष घडलेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि त्या लोकांसाठी ‘विमुक्त’ हा शब्द आला तो त्या सुटकेतूनच. ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का ज्यांच्या आजी-आजोबांनी सोसला, ती माणसे आज आपल्याच वस्त्यांत राहतात आणि आपलेच लेखन वाचतात. म्हणून नात्याच्या शब्दापुढे हे विशेषण ठेवताना हात आखडावा असे मला मनापासून वाटते. शिवाय तुम्हीच सांगितलेल्या कथेत ते चुकीचेही ठरते, कारण ब्रूस त्या घरात जन्मला असला तरी टोळीत नाही.

‘घराणे’ या शब्दात मान आहे, त्यामुळे तो येथे नको.

लक्ष्मीनगरातून :

मग ‘भाऊबंदकी’ का नको? त्यात भाऊही आहेत आणि वैरही.

महालातून :

कारण भाऊबंदकीतले वैर घराच्या आतले असते आणि ते वाटणीवरून, वारशावरून किंवा कारभारावरून पेटते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शहराचे आहे. १७७२ मध्ये नागपूरचे राजे जानोजी भोसले वारले. त्यांनी दत्तक घेतलेला रघुजी हा त्यांचे भाऊ मुधोजी यांचा मुलगा होता. राज्याचा कारभार कोणाच्या हाती असावा यावरून मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि १७७५ मध्ये नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. याला भाऊबंदकी म्हणतात. जो थोरला भाऊ धाकट्याच्या वाट्यासाठी नव्हे, तर त्याच्या जिवासाठी समुद्र ओलांडून येतो, त्याच्या कथेला हा शब्द लावणे म्हणजे तिचा अर्थ उलटा करणे होय.

सक्करदऱ्यातून :

माझे लहानपण आखाड्यात गेले. (पश्चिम महाराष्ट्रात ज्याला तालीम म्हणतात, त्याला आम्ही आखाडा म्हणतो.) त्यामुळे या मालिकेकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहतो.

टोळ्यांनी नात्यांचे शब्द उसने घेणे ही जगभरची रीत आहे. चिनी भाषेत ‘थोरला भाऊ’ याच अर्थाचा शब्द टोळीच्या म्होरक्याला लावतात. जपानी टोळ्यांत प्रमुख ‘ओयाबुन’ म्हणजे आईबापाच्या जागी असलेला, आणि त्याचा माणूस ‘कोबुन’ म्हणजे लेकराच्या जागी असलेला. आपल्या ‘दादा’चे तेच झाले: घरातला थोरला भाऊ तो दादा आणि गल्लीवर दहशत ठेवणारा तोही दादा. मुंबईत ‘भाई’ शब्दाचीही तीच गत झाली. आपला ‘भाऊ’ मात्र बऱ्याच अंशी वाचला, कारण नागपुरात रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच भाऊ आहेत, “भाऊ, बर्डीला येता का?” असे विचारताना कोणाच्या मनात टोळी येत नाही.

ही उसनवारी उलट दिशेने करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. टोळीने स्वतःला कुटुंब म्हणवून घेतले, म्हणून आपण कुटुंबाला टोळी म्हणू नये. ‘टोळी’ या मराठी शब्दात रक्ताचे नाते मुळीच नाही. ऊसतोडणीला जाते तीही टोळीच. १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रे ‘मोक्का’ म्हणतात तो, दोन किंवा अधिक व्यक्ती एवढेच पाहतो. त्या एकमेकांच्या कोण लागतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

एक जुना शब्द मात्र येथे विचारात घेण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘खटले’. बोलताना आपण ‘खटलं’ म्हणतो: माणसे, देणीघेणी, जबाबदाऱ्या आणि न संपणारी कटकट यांसह असलेला मोठा घरसंसार. “एवढं मोठं खटलं ती एकटी सांभाळते” हे वाक्य आपण सर्वांनी आपल्या आजीविषयी किंवा एखाद्या काकूविषयी ऐकलेले आहे. न्यायालयातला ‘खटला’ हा त्याचाच भाऊबंद. गंमत अशी की लेखी भाषेत घरसंसाराचे एकवचनी ‘खटले’ आणि न्यायालयातल्या खटल्याचे अनेकवचन ‘खटले’ ही दोन्ही रूपे अगदी सारखी होतात. ‘मोठे खटले होते’ या वाक्यावरून घर मोठे की दावे मोठे हे कळण्याचा काहीच मार्ग राहत नाही. मिशेल यो यांनी रंगवलेल्या आईला, जी घरही धरून ठेवते आणि टोळीची सगळी गुपितेही जाणते, या शब्दाइतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाही. परंतु तो शीर्षकात नको. तेथे वाचक न्यायालयाचाच अर्थ घेईल.

जाता जाता ‘कुंग फू’विषयी. या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नव्हे, तर वेळ आणि कष्ट घालून कमावलेले कौशल्य. स्वयंपाकातले असले तरी ते कुंग फूच. आमच्या आखाड्यात जोर-बैठकांना ‘मेहनत’ म्हणत. चार्ल्सला केक भाजण्याची मनापासून आवड आहे, आणि या अर्थाने पाहिले तर त्याचा ठोसा आणि त्याचा केक ही एकाच मेहनतीची दोन रूपे ठरतात. परिचयात ‘मारधाड’ लिहिण्यापूर्वी याचा अवश्य विचार करावा.

धंतोलीहून :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘क्राइम फॅमिली’ला एकच शब्द शोधण्याचा हट्ट मी सोडला आहे, कारण त्या इंग्रजी जोडशब्दाने जे एकत्र बांधले आहे, तेच सोडवताना ब्रूसची कथा घडते. माझे वाक्य आता असे आहे : ‘वडील टोळीचे प्रमुख, थोरला मुलगा टोळीचा लढवय्या, धाकटा केवळ घरचा, आणि हे सारे खटले सांभाळणारी आई.’

मालिकेच्या नावाचे भाषांतर मात्र मी करणार नाही. ‘सन’ हे त्या घराचे आडनाव, म्हणून मराठी वळणाने ते ‘सन बंधू’ असे होते, आणि तसे लिहिले की इतवारीच्या सराफा ओळीतली एखादी जुनी पेढी डोळ्यांपुढे उभी राहते.