एकाच नावाचे दोन उमेदवार: अमेरिकेतल्या त्या सिनेटरचा किस्सा खरा आहे का?

सेलूचा पोरगा
नमस्कार मंडळी. मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या चुलत्यांच्या विरोधात त्यांच्याच नावाचा माणूस उभा केला होता. नाव तेच, वडलांचं नाव तेच, आडनाव तर भावकीतलंच. बिचारा सालगडी, अर्ज कोणी भरून दिला हेही त्याला धड सांगता येईना. चुलते ११ मतांनी पडले आणि त्या दुसऱ्याला ३८ पडली! काल पारावर हा विषय निघाला तर आमचे रिटायर मास्तर म्हणले, अमेरिकेत एका सिनेटरला असंच पाडायला निघाले होते. नाव काही त्यांना आठवेना. कोणाला माहीत आहे का? आणि तो पडला का?

जिंतूरचा खांबवाला
पडला नाही. नाव जॉर्ज नॉरिस, राज्य नेब्रास्का, साल १९३०.

मी वीज खात्यात लाईनमन होतो, आता घरीच असतो. नोकरीला लागलो तेव्हा ट्रेनिंगला एक साहेब होते, ते टेनेसी नदीच्या योजनेचं लई सांगायचे. तेव्हापासून या माणसाबद्दल जिथं मिळंल तिथं वाचत आलो.

आधी तुमचा किस्सा. नॉरिस रिपब्लिकन पक्षाचा, पण पक्षाचं ऐकायचा नाही. १९२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर त्यानं उघड उघड समोरच्या पक्षाच्या अल स्मिथला पाठिंबा दिला. मग त्याच्याच पक्षातल्या लोकांनी ब्रोकन बो नावाच्या गावातून एक किराणा दुकानदार हुडकून काढला. त्याचंही नाव जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस! पक्षाच्या उमेदवारीसाठी तिकडं आधी एक मतदान होतं, त्यात याचा अर्ज. मतपत्रिकेवर दोन्ही नावं सारखी, मग कोणतं मत कोणाचं हे ठरवायचं कसं? पण वाण्यानं अर्ज पोस्टानं पाठवला आणि तो मुदत संपल्यावर पोचला. कोर्टानं बाद केला. पोस्टानं वाचवलं म्हणा. नॉरिस निवडून आला.

आता जरा मागं जातो, कारण माणूस या किश्शापेक्षा मोठा आहे. जन्म १८६१, ओहायोत. तीन वर्षांचा असताना बाप गेला, थोरला भाऊ तिकडच्या यादवी युद्धात. वकील झाला, नेब्रास्कात आला, जिल्हा न्यायाधीश झाला. १८९० च्या दशकात तिकडं आपल्यासारखाच दुष्काळ. कर्जापायी जमिनीच्या लिलावाची प्रकरणं याच्यापुढं यायची. शेतकरी धडपड्या दिसला की हा त्याला मुदत द्यायचा. हे वाचलं तेव्हा मी चहा खाली ठेवला होता.

खालच्या सभागृहात खासदार असताना १९१० मध्ये त्यानं तिथल्या अध्यक्षाचीच, जोसेफ कॅननची, सत्ता कापली. तो ठराव लिहिलेला कागद म्हणे कैक वर्षं खिशात घेऊन फिरायचा. १९१३ ला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात गेला. १९१७ ला महायुद्धात उतरायच्या विरोधात सहाच सिनेटरांनी मत दिलं, त्यातला हा एक.

पण माझा जीव अडकलाय तो विजेत. अलाबामात टेनेसी नदीवर मसल शोल्सला सरकारनं महायुद्धासाठी धरण बांधायला घेतलेलं. युद्ध संपल्यावर मोटारवाला हेन्री फोर्ड ते ५० लाख डॉलरला मागायला लागला. नॉरिस शेती समितीचा अध्यक्ष, आडवा पडला. म्हणाला, नदी लोकांची, वीजही लोकांचीच राहील. त्याचं विधेयक एकदा राष्ट्राध्यक्ष कूलिजनं अडवलं, एकदा त्याच्या मागनं आलेल्या हूव्हरनं. शेवटी १९३३ ला नवा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं सही केली आणि टेनेसी खोरे प्राधिकरण झालं, म्हणजे त्या नदीवर धरणं बांधून वीज काढणारी सरकारी संस्था. आपल्याकडचं दामोदर खोरे महामंडळ १९४८ ला त्याच धर्तीवर निघालं. त्या वेळी अमेरिकेतसुद्धा दहातल्या एकाच शेतघरात वीज होती, खरं वाटतं का? १९३६ च्या ग्रामीण वीज कायद्यामागंही हाच.

आमच्या भागात एका तांड्यावर आम्ही लाईन चार्ज केली तेव्हाची गोष्ट. दिवा लागला, लेकरं वरडली. एक म्हातारी मात्र कंदिलाची काच राखेनं घासत बसलेली. म्हणलं, आजी, आता काय करायचा कंदील? म्हणली, "ऱ्हाऊ दे बाबा, लागंल." काच पुसून फडताळात ठेवली. आठच दिवसांत डीपी जळाला. म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पैठणची लेक
काका, छान लिहिलंत. पण धरणाचं एवढं गोड नका लिहू. टेनेसी योजनेतल्या पहिल्या धरणाला याच नॉरिसचं नाव दिलं, आणि त्यापायी जवळपास तीन हजार कुटुंबं उठवली. पाच हजारांवर थडगी हलवली. माझ्या आजीचं गाव नाथसागरात गेलं. शास्त्रीजींनी १९६५ ला पायाभरणी केली तेव्हा तिच्या कडेवर माझे वडील होते. पुढं पाणी आटलं की ती जायची आणि वेशीच्या दगडापासून नव्वद पावलं मोजून उभी राहायची. म्हणायची, इथं चूल.

जिंतूरचा खांबवाला
ताई, खरं आहे. तारा ओढताना आम्हाला फक्त पुढचा खांब दिसायचा.

लातूर_एमपीएससी
आणखी एक राहिलं. नेब्रास्कात विधानसभा-विधान परिषद असं काही नाही, एकच सभागृह आहे, तेही पक्षचिन्हाविना. १९३४ ला नॉरिसनं स्वतःची गाडी घेऊन राज्यभर त्याचा प्रचार केला, टायरचे दोन सेट झिजवले म्हणतात. १९३७ पासून ते चालू आहे, सध्या ४९ सदस्य. आपल्याकडं पदवीधरची निवडणूक लागली की मला हमखास हा माणूस आठवतो! १९३६ ला तो अपक्ष निवडून आला, १९४२ ला हरला, १९४४ ला गेला. १९५७ ला सिनेटनं थोर सिनेटरांची चित्रं लावायला पाच जण निवडले. अभ्यासकांच्या यादीत नॉरिस सगळ्यात वर होता. त्याच्याच राज्याच्या सिनेटरांनी विरोध केला आणि चित्र काही लागलं नाही.

सेलूचा पोरगा
सगळं चुलत्यांना वाचून दाखवलं. ते धरणाबिरणावर काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "त्या वाण्याचं पुढं काय झालं?"

जिंतूरचा खांबवाला
सिनेटच्या समितीनं चौकशी लावली. पैसे चारून उभा केला होता हे बाहेर आलं. शपथेवर खोटं बोलला म्हणून वाण्याला शिक्षा झाली.

सेलूचा पोरगा
सांगितलं. चुलते हसले. आमचा सालगडी सध्या नव्या सरपंचाच्या शेतावर आहे. रात्री लाईट आली की दारं धरायला जातो.