मदत हवी आहे: गंजलेली पेट्रोलची टाकी घरच्या घरी कशी साफ करावी?

नमस्कार मंडळी,

वडिलांची जुनी, कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलंय. बरीच वर्षं ती अर्धवट भरलेल्या टाकीसकट उभी होती. इंजिन आता चालू होतं, आवाजही स्वच्छ आहे, पण थोडं अंतर गेलं की गाडी गचके खाते आणि बंद पडते. जरा थांबून किक मारली की पुन्हा सुरू. कार्ब्युरेटर खोलला तर खालच्या वाटीत विटकरी गाळ आणि मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकातही तोच. साफ करून बसवलं की गाडी नीट चालते, मग परत तेच रडगाणं.

मोबाइलच्या उजेडात टाकीच्या आत पाहिलं. तळाला गंजाचे पापुद्रे सुटलेत. वरच्या पत्र्यालाही आतून तांबूस थर आहे. तळाचं कळतं: पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली साचणारच. वरच्या रिकाम्या जागेत हवेतला ओलावा पत्र्यावर धरत राहिला असणार. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी आणखीनच ओढून घेतं.

टाकी बदलायची नाही. तिच्यावरचा मूळ रंग आणि पट्टे अजून शाबूत आहेत, ते मला फार मोलाचे वाटतात. म्हणून बाहेर रंग न बिघडवता आतला गंज काढायचा आहे. व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड आणि फरशी धुण्याचं ॲसिड, असे तिन्ही सल्ले मिळालेत. यातलं पत्रा न खाता गंज खाणारं कोणतं? आत नट-बोल्ट टाकून हलवावेत का? आणि धुतल्यावर पुन्हा लगेच गंज चढतो म्हणतात, तो कसा थांबवायचा? आतून इपॉक्सीचा लेप द्यावा की नको, तेही सांगा.

प्रतिसाद १

टाकी उतरवण्याआधी एक गोष्ट तपासा. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं असेल तरी गाडी अशीच वागते. पेट्रोल खाली उतरतं तशी वर हवा यावी लागते. ती आली नाही की धार तुटते, आणि थांबल्यावर हळूहळू हवा शिरली की गाडी पुन्हा चालू होते. गाडी बंद पडेल तेव्हा झाकण उघडून लगेच किक मारून पाहा.

प्रतिसाद २

फरशीचं ॲसिड विसरा. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज झपाट्याने काढतं, पण चांगला पत्राही खातं, वाफा छातीला त्रास देतात आणि धुतल्यावर पत्रा डोळ्यांदेखत तांबडा पडतो. व्हिनेगर चालतं, पण फार सावकाश. मी सायट्रिक ॲसिडच सुचवेन: लिटरभर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम.

त्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची. पेट्रोल उघड्या हवेत, ठिणगी-ज्योतीपासून लांब काढा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात हवा मिसळलेली असते. पेट्रोल कॉक (टाकीखालची चावी) आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट (आतला तरंगता भाग) काढून ती भोकं रबर लावून घट्ट बंद करा. मग भांड्यांचा साबण आणि गरम पाण्याने आतून खळखळून धुवा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर राहिला तर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही.

पापुद्रे सोडवायला नटांऐवजी साखळीचा तुकडा बरा. तिचं एक टोक तारेने बाहेर बांधून ठेवा, म्हणजे आत काही अडकून राहत नाही. द्रावण टाकीच्या गळ्यापर्यंत भरा, नाहीतर वरचा गंज तसाच राहील. रंगासाठी टाकीला बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळा आणि थेंब सांडला की लगेच पाणी मारा. रात्रभर ठेवून सकाळी आत पाहा. पत्रा करडा दिसू लागला की ओता, विनाकारण मुरवत ठेवू नका.

मग खाण्याच्या सोड्याचं पाणी. फेस येणं थांबेपर्यंत हलवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दमात हेअर ड्रायरने वाळवा. त्याआधी पेट्रोलचा वास पूर्ण गेला आहे ना, याची खात्री करा. इथे अर्ध्या तासाचा आळससुद्धा नडतो. वाळल्यावर टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल सगळीकडे फिरवा.

लेपाबद्दल माझं मत: पत्रा धड असेल तर देऊ नका. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर दिलेला इपॉक्सी पुढे सोलून निघतो आणि त्याचे तुकडे कॉकमध्ये बसतात. गंजापेक्षा ती डोकेदुखी मोठी.

प्रतिसाद ३

वरच्यात एक भर. खालच्या बाजूला रंगाला फोड आलेत का, ते बोट फिरवून पाहा. काही बारीक भोकं गंजानेच बुजलेली असतात, गंज गेला की गळू लागतात. तसं झालं तर झाळकाम घरी अजिबात करू नका. धुतलेल्या टाकीतही सांध्यांत पेट्रोल दडून राहतं आणि उष्णतेने त्याची वाफ होते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. झाकण उघडं ठेवूनही गाडी तशीच बंद पडली, म्हणजे दोष टाकीचाच. खालून रंगाला फोड नाहीत. साखळी आणि सायट्रिक ॲसिड, हे नक्की केलं. एकच शंका उरली: टाकी मधून उंच आहे, चौकटीवर बसते तशी. कॉक एकाच बाजूला आहे. मग दुसऱ्या बाजूच्या खोलगट भागातलं पाणी कसं निघेल?

प्रतिसाद २

टाकी उलटी धरून गळ्यातून ओता, मग कॉकची बाजू खाली करून तिरकी ठेवा. तरी थोडं राहतंच. ते लवचिक नळी लावलेल्या सिरिंजने ओढून घ्या आणि ड्रायरची हवा त्या बाजूला जास्त वेळ द्या. टाकी बसवताना कॉकच्या पुढे पारदर्शक फिल्टर जोडा. सुरुवातीला उरलासुरला गाळ त्यात दिसेल, तोवर तो बदलत राहा.