स्टोनवेअरच्या ताटांवर केसासारखे तडे: दोष ग्लेझचा की मातीचा?

उपाहार_वाशी
वाशीतल्या छोट्या उपाहारगृहासाठी एका स्टुडिओकडून ताटं आणि वाट्या करून घेतल्या आहेत. फिकट हिरवं मॅट (चमक नसलेलं) ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, इलेक्ट्रिक भट्टी, '१२२० अंशांवर भाजलेलं स्टोनवेअर', म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली माती, असं सांगितलं होतं. आली तेव्हा स्वच्छ होती. पावसाळा सुरू झाल्यावर ग्लेझमध्ये जाळीसारख्या बारीक रेषा दिसू लागल्या आणि मिसळीच्या तर्रीने त्या तपकिरी झाल्या. मायक्रोवेव्हमध्ये ताट चटका बसेल इतकं तापतं, पदार्थ मात्र कोमटच राहतो. स्टीलच्या चमच्यांच्या राखाडी रेघाही उठतात. ही भांडी वापरावीत का? नवी मागवताना नेमकं काय लिहून द्यावं?

भट्टी_नौपाडा
तुमच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाची खूण मायक्रोवेव्हची आहे. नीट भाजलेलं स्टोनवेअर मायक्रोवेव्हमध्ये फारसं तापत नाही. ताट स्वतः तापतंय याचा बहुधा एकच अर्थ: मातीच्या अंगात पाणी मुरलंय. म्हणजे माती पक्की झालेली नाही, सच्छिद्र राहिली आहे.

तडे उशिरा का आले, त्याचं उत्तरही तिथेच आहे. सच्छिद्र माती धुण्यातलं पाणी आणि हवेतली दमट वाफ शोषून अगदी सूक्ष्म प्रमाणात फुगते. वरचं ग्लेझ ही काच, ती फुगत नाही. ती ताणली जाते आणि तडकते. भट्टीतून बाहेर येताना ग्लेझ जेमतेम तग धरून असेल, तर पहिल्या पावसाळ्यात ते हार मानतं. तुमच्या धुण्याच्या पद्धतीचा यात दोष नाही.

आधी ताट उलटं करा. खालच्या कड्यावर, जिथे ग्लेझ नसतं तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. तो काही सेकंदांत गायब होऊन तिथे गडद डाग उरला, तर निदान जवळपास झालं. मग मोजमाप करा. ताट ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास वाळवा, गार झाल्यावर वजन करा. मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून ताट गार पाण्यात ठेवा, मग उकळी आणा. एकदम उकळत्या पाण्यात टाकू नका. पाच तास उकळून चोवीस तास त्याच पाण्यात राहू द्या. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. किमान तीन ताटं घ्या, भट्टीतल्या वरच्या आणि खालच्या फळीवरची मिळाली तर उत्तम.

सिलिका_घोडबंदर
भट्टी_नौपाडा यांच्याशी सहमत, पण ग्लेझलाही सोडू नका. तडे पडतात कारण गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं. सोडा आणि पोटॅश जास्त असलेलं ग्लेझ जास्त आकसतं, त्यामुळे नेफेलिन सायनाइट किंवा सोडा फेल्डस्पार ही सोडा असलेली खनिजं भरपूर घातलेल्या कृतींत हा त्रास नेहमीचा. कुंभाराने करायचा पहिला प्रयोग सोपा आहे: १०० भाग कोरड्या ग्लेझमध्ये अडीच, पाच, साडेसात आणि दहा भाग बारीक सिलिका (गारगोटीची पूड) घालून चाचणीच्या चार चकत्या भाजायच्या. सिलिका वाढली की ग्लेझ वितळायला जड होतं, म्हणून शेवटच्या तापमानावर १५ ते २० मिनिटं धरून ठेवावं लागतं. एवढ्याने भागलं नाही तर सोड्याचा काही भाग काढून बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) किंवा थोडा टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घालायचा. अति केलं तर उलटा दोष येतो: ग्लेझ दाबाखाली जातं आणि काठावरून त्याचे धारदार टवके सुटतात. जेवणाच्या ताटात तो तड्यांपेक्षा वाईट, कारण टवका घासात जातो.

चकती भाजून झाल्यावर फ्रीजर आणि उकळतं पाणी अशा तीन-चार फेऱ्या द्या, मग फाउंटन पेनची शाई चोळून पुसा. तडा असेल तर निळी रेघ राहते. ग्लेझचा थर जाड बसला तरी तडे वाढतात. ताटाच्या मध्यभागी, जिथे ग्लेझ साचतं, तिथे जाळी दाट आणि काठाकडे विरळ दिसत असेल तर तेही तपासायला सांगा.

चमच्याच्या रेघांचा विषय वेगळा. मॅट ग्लेझचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो, तो स्टील घासून घेतो. ती काच खरवडली गेलेली नसते, वर धातू बसलेला असतो. सौम्य भांडी पावडरने रेघ निघते, पण परत येणार. आपल्याकडे जेवण स्टीलच्या चमच्यांनी होतं, त्यामुळे ताटाचा आतला भाग गुळगुळीत चकचकीत आणि मॅट फक्त बाहेरून, हीच मांडणी योग्य.

जुनी_बरणी
इतिहासातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. चीनमध्ये सोंग राजघराण्याच्या काळात ग्वान नावाच्या दरबारी भांड्यांवर तडे मुद्दाम पाडले जायचे, ती शोभा मानली जायची. आज अनेक स्टुडिओ तोच 'लुक' म्हणून विकतात. फुलदाणीला ते छान, मिसळीच्या ताटाला नाही. इंग्लंडमधल्या कुंभारांनी अठराव्या शतकात भाजलेल्या गारगोटीची पूड मातीत घालायला सुरुवात केली. अंग पांढरं झालं आणि मातीचं आकसणं वाढून ग्लेझशी जुळलं. म्हणजे उपाय ग्लेझमध्येच शोधला पाहिजे असं नाही.

आपली लोणच्याची बरणी बघा. मीठ, तेल, लिंबाचा आंबटपणा वर्षभर सोसते, कारण अंगच पक्कं भाजलेलं असतं. उलट जयपूरच्या ब्ल्यू पॉटरीत गारगोटीची आणि काचेची पूड असते, भाजणी जेमतेम ८०० ते ८५० अंशांची. दिसायला सुरेख, पण रोजच्या रसभाजीसाठी ती नाही. टिकाऊपणाच हवा असेल तर बोन चायनाचाही विचार करा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्पोडच्या कारखान्यात रुळलेल्या कृतीत जवळपास अर्धा भाग हाडांची राख असतो. पातळ असूनही टवके कमी उडतात. मात्र तुमच्या काही शाकाहारी गिऱ्हाईकांना ही राख चालणार नाही, ते आधीच विचारात घ्या.

उपाहार_वाशी
सगळ्यांचे आभार. थेंब लगेच मुरला. तीन ताटं मोजली. ४१२ ग्रॅमचं ४३१ झालं, बाकी दोघांचा आकडाही त्याच्या आसपास.

भट्टी_नौपाडा
म्हणजे ४.६ टक्के, आणि तेही ग्लेझ लावलेल्या ताटावर. ग्लेझ स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे मातीचा खरा आकडा याहून जास्त. शक्यता दोन आहेत. १२८० च्या पुढे पक्की होणारी माती १२२० ला भाजली आहे, किंवा मीटरवर १२२० दिसत असताना आत तेवढी उष्णता पोहोचलीच नव्हती. थर्मोकपल (भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर) जुना झाला की त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके) ठेवायला सांगा, आणि वाकलेल्या कोनांचे फोटो मागा. व्होल्टेज १० टक्के पडलं तर एलिमेंटची (भट्टी तापवणाऱ्या तारेची) ताकद जवळपास १९ टक्के घटते. अशा वेळी भट्टी रेंगाळते आणि कधी शेवट गाठतच नाही.

आहेत ती ताटं जास्त तापमानाला पुन्हा भाजून घ्यावीत का, असं विचाराल. एकावर करून बघा, सगळ्यांवर नको. माती वाकते, फुगे येतात, ग्लेझ ओघळून फळीला चिकटतं.

ऑर्डरमध्ये हे लिहून घ्या: ग्लेझ न लावलेल्या, त्याच भाजणीतल्या पट्टीचं पाणीशोषण दीड टक्क्याच्या आत. आतल्या बाजूला चकचकीत ग्लेझ. खालचं कडं घासून गुळगुळीत केलेलं, नाहीतर रचून ठेवताना ते खालच्या ताटाला ओरखडे पाडतं. आणि शिसं-कॅडमियम पाझरण्याची चाचणी, ४ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये चोवीस तास, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. फिकट हिरवा रंग तांब्याचा असू शकतो आणि मॅट ग्लेझ आंबटापुढे अनेकदा कच्चं पडतं, म्हणून तुमच्या सोलकढीच्या वाट्यांची चाचणी आधी करा. घरी व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं आणि रंग उडाला, तर वाटी नापास. रंग टिकला तरी शिशाबद्दल त्यातून काही कळत नाही.

सध्याच्या ताटांत रस्सा, तेलकट आणि आंबट काही वाढू नका, मायक्रोवेव्ह पूर्ण बंद. चकली, शेव, पापड अशा कोरड्या पदार्थांना चालतील. धुतल्यावर एकावर एक न रचता रॅकमध्ये उभी वाळवा, कारण पाणी त्या खालच्या कड्यातूनच आत जातंय. एवढं करूनही एखाद्या ताटाला कुबट वास आला, तर ते वापरातून काढा.