मदत हवी आहे: ‘काउंटडाउन’च्या स्मारक नाण्यावर उमटलेला बोटाचा ठसा

नमस्कार मंडळी,

माझे मामा १९७८ साली शिक्षणासाठी मेलबर्नला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांविषयी ते बोलू लागले की एका गोष्टीचा उल्लेख हमखास होतो, ती म्हणजे दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता एबीसी वाहिनीवर लागणारा ‘काउंटडाउन’ हा संगीताचा कार्यक्रम. ८ नोव्हेंबर १९७४ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम १९ जुलै १९८७ पर्यंत चालला. स्वीडनच्या अ‍ॅबा या संगीतसमूहाला ऑस्ट्रेलियात घरोघरी पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता. वसतिगृहातल्या सामाईक खोलीत कार्यक्रमाचे सूत्रसंचालक मोली मेल्ड्रम यांची ती टोपी पडद्यावर दिसली की आपण परक्या देशात आहोत हे तासभर विसरायला होत असे, असे मामा सांगतात.

या कार्यक्रमाच्या पन्नाशीनिमित्त ऑस्ट्रेलियाच्या टाकसाळीने काढलेले नाणे मामांनी आवर्जून विकत घेतले आणि गेल्या हिवाळ्यात भारतात आले तेव्हा ‘हे आता तुझ्याकडे असू दे’ म्हणून माझ्या हाती दिले. नाण्याच्या एका बाजूला राजे चार्ल्स यांची मुद्रा आहे. हेच चार्ल्स युवराज असताना १९७७ साली ‘काउंटडाउन’मध्ये आले होते आणि त्यांची मुलाखत घेताना मेल्ड्रम पुरते गोंधळून गेले होते. तो प्रसंग सांगताना मामा नाणे उलटसुलट करून दाखवत होते.

चूक माझ्याकडून झाली. आलेल्या पाहुण्यांना मी ते नाणे वेष्टनातून बाहेर काढून हाताळू दिले आणि नंतर ते मूळ वेष्टनात न ठेवता अल्बमच्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यात सरकवले. पावसाळ्यानंतर पाहिले, तर एका बाजूला बोटाचा तपकिरी ठसा स्पष्ट उमटला आहे आणि कडेजवळ किंचित हिरवट, चिकट असे काहीतरी दिसते आहे. नाणे चांदीचे नाही, तांब्याच्या मिश्रधातूचे आहे.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा पितळ उजळण्याची पावडर यांपैकी काहीही लावायचे नाही, कारण घासल्याने टाकसाळीतली मूळ झळाळी कायमची जाते, इतके मला ठाऊक आहे. म्हणून अद्याप मी काहीही केलेले नाही. मात्र पुढील बाबतींत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हा ठसा निघू शकतो का, की आता तो धातूतच उतरला आहे? हिरवट थर पसरू नये म्हणून तातडीने काय करावे? आणि मामांच्या त्या काळातल्या छायाचित्रासोबत हे नाणे लाकडी चौकटीत बसवून भिंतीवर लावले, तर त्याला अपाय होईल का?

नाण्याच्या बाजारभावाविषयी मला काहीही विचारायचे नाही. या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या अनेक भागांच्या फिती पुसून त्यांवर पुन्हा चित्रीकरण केले गेले, त्यामुळे मामांनी तेव्हा पाहिलेले बरेच काही आता कुठेच पाहायला मिळत नाही. म्हणूनच हे नाणे तरी नीट राहावे, असे मला मनापासून वाटते. मामा डिसेंबरात पुन्हा येत आहेत.

प्रतिसाद

आधी ते नाणे त्या कप्प्यातून बाहेर काढा, आणि काढताना केवळ कडेला धरा. मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते. त्यातून कालांतराने आम्ल सुटते आणि ते तांब्याला खाते, तुम्हाला दिसणारा हिरवा चिकटपणा त्याचाच असण्याची दाट शक्यता आहे. तो काढण्यासाठी संग्राहक शुद्ध अ‍ॅसिटोन वापरतात. नाणे काचेच्या वाटीत काही मिनिटे बुडवून ठेवायचे, न घासता बाहेर काढायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. नखांचा रंग काढण्याचे द्रावण चालत नाही, कारण त्यात सुगंध आणि तेल मिसळलेले असते. नाण्यावर रंगीत छपाई असेल, तर मात्र अ‍ॅसिटोनच्या वाटेला जाऊ नका, रंग निघून येईल.

तपकिरी ठसा यानेही जाणार नाही. घामातल्या क्षारांची धातूशी प्रक्रिया होऊन गेलेली आहे आणि तो काढायचा म्हणजे वरचा धातूच काढायचा. लाकडी चौकट टाळावी, लाकडातून सूक्ष्म प्रमाणात आम्लाची वाफ येत राहते. अ‍ॅक्रिलिकची घट्ट बसणारी गोल डबी घ्या आणि ती ज्या पेटीत ठेवाल तिथे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवून दर पावसाळ्याआधी बदला.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. नाणे आजच कप्प्यातून काढून स्वच्छ कागदी पाकिटात ठेवले आहे आणि डबी मागवली आहे. ठशाला मी हात लावणार नाही. चौकटीत फक्त छायाचित्र लावीन आणि नाणे डबीसकट मामांच्या हातात देईन. झालेली चूक त्यांना डिसेंबरपूर्वीच दूरध्वनीवरून सांगणार आहे. अ‍ॅसिटोनमध्ये नाणे नेमके किती वेळ ठेवावे आणि एकाच खेपेत काम न झाल्यास पुन्हा बुडवणे सुरक्षित आहे का, हे कोणी स्वानुभवातून सांगू शकेल का?